उत्तर: पाहणीला जाताना हेल्मेट-बूट पुरेसे आहेत का?

हेल्मेट आणि जाड तळाचे बूट असले की घराच्या बांधकामाच्या पाहणीला पुरे, असं बरेच जण म्हणतात; ते शहरातल्या फ्लॅटपुरतं ठीक आहे. आमच्याकडे, यवतमाळच्या आतल्या गावांत, खरा धोका टिनाच्या छपराचा. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी टिनाच्या कडेवरूनच आत जाते. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण सोलतं आणि अख्खं छप्पर करंट धरतं. त्याला अॅल्युमिनियमची शिडी टेकवली की संपलं. मागच्या पावसाळ्यात एका घराच्या टिनाला टेस्टर लावला, तर दिवा लखलखीत पेटला. घरमालक म्हणे, "काई नाई होत साहेब, आमी रोजच चढतो." बरं, मेन स्विच पाडला तरी उपयोग नाही, कारण खांबापासून मीटरपर्यंतची वायर चालूच राहते. ती बंद करायला महावितरणचा लाइनमनच लागतो. तो येईपर्यंत खालूनच पाहायचं, फोटो झूम करून काढायचे. आणि टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, तो फसवतोही.

सिमेंटच्या पत्र्यांचं तर विचारूच नका. जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. चढणं टळतच नसेल तर खालच्या पर्लिनवर (पत्रे ज्यावर बसवतात त्या आडव्या दांड्यांवर) टेकेल अशी आडवी फळी टाकूनच पाय ठेवा. पर्लिन कुठे आहे ते बोल्टच्या ओळीवरून कळतं. पाहणीच्या प्रशिक्षणात भेगा, ओल, सळईवरचं कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) सगळं शिकवतात हो, पण छपरावर चढायच्या आधी काय तपासायचं, यावर अर्धा तासही जात नाही.