२०१४ च्या पिकअपला दुसरे इंजिन बसवावे की आहे त्याच इंजिनाचे काम करावे?

मांजराकाठ (केज, जि. बीड) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची, बीडचे पासिंग असलेली पिकअप आहे. अडीच लीटरचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन असून डिझेलचा पंप साधा मेकॅनिकल आहे आणि गाडी बीएस-३ या प्रदूषण मानकाची आहे. सोयाबीनच्या हंगामात आमच्या आणि शेजारच्या गावांचा माल लातूरच्या बाजार समितीत पोहोचवणे आणि एरवी बीडहून खत, सिमेंट, ठिबकच्या नळ्या भरून आणणे, हे या गाडीचे मुख्य काम आहे.

गेल्या वर्षभरात गाडीवरचा भरवसा उडाला आहे. रिकामी गाडी बरी चालते. पण बीडहून भरून येताना मांजरसुंबा घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि गाडी बाजूला लावून थांबावे लागते. बाहेर कुठेही गळती दिसत नसताना रेडिएटरमधले पाणी कमी होते. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, चालू झाल्यावर काही वेळ पांढरा धूर येतो, मग तो थांबतो. ऑइलही थोडे कमी होते. शेतकऱ्याचा माल भरलेली गाडी वाटेत उभी राहिली की त्या दिवसाचा भाव जातो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याची गाडी सांगतो, याचे मला जास्त वाईट वाटते.

तीन मिस्त्रींनी तीन सल्ले दिले आहेत. पहिला म्हणतो, फुल इंजिन काम करा, ऐंशी-पंच्याऐंशी हजार लागतील. दुसरा म्हणतो, मोडीत निघालेल्या गाडीचे याच मॉडेलचे इंजिन साठ हजारांत बसवून देतो, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. तिसऱ्याचे म्हणणे असे की, नव्या मॉडेलचे कॉमन रेल (संगणकाच्या नियंत्रणाने जास्त दाबाखाली डिझेल फवारणारे) इंजिनच बसवावे, म्हणजे ताकदही वाढेल आणि ॲव्हरेजही. चेसिस आणि बॉडी चांगली आहे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे काम अलीकडेच झाले आहे, त्यामुळे गाडी विकण्याचा विचार नाही. कर्ज फिटले आहे, पण आरसी बुकवर फायनान्स कंपनीची नोंद अजून तशीच आहे. निर्णय घेताना नेमके काय तोलून पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

डिझेलमिस्त्री (लातूर) यांचे उत्तर

भाऊ, तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. तीनही मिस्त्रींनी उपाय सांगितला, पण इंजिनाला झाले काय आहे हे तपासून कोणी सांगितल्याचे तुमच्या लिहिण्यात दिसत नाही. ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ज्या कारणाने हे इंजिन तापले ते कारण गाडीतच राहिले, तर साठ हजारांचे दुसरे इंजिनही त्याच घाटात तापेल.

पाणी कमी होणे, सकाळचा पांढरा धूर आणि चढावर तापणे ही तीन लक्षणे एकत्र आली की पहिला संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) किंवा हेडला गेलेल्या बारीक तड्यावर घ्यावा. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजले असते, तर निळसर धूर, ऑइलचा मोठा खप आणि ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर तिथून जोराने येणारी वाफ ही चिन्हे ठळक असती. म्हणून आधी पुढील तपासण्या करून घ्या. गार इंजिनाचे रेडिएटर झाकण काढून गाडी चालू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का ते पाहा. त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजून घ्या. नुसता आकडा पाहून भागत नाही, चारांमधला फरक महत्त्वाचा असतो. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर त्या दोघांमधले गॅस्केट जळाले असण्याचा संभव फार मोठा असतो. ज्यांच्याकडे हवेच्या दाबाने गळती तपासण्याची सोय आहे त्यांच्याकडे गेलात तर आणखी उत्तम, कारण सिलिंडरमध्ये भरलेली हवा रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते आहे, ऑइलच्या झाकणातून येते आहे की सायलेन्सरमधून, यावरून दोष अनुक्रमे गॅस्केटचा, रिंगांचा की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा हे इंजिन न उघडताच कळते.

आता मूळ कारणाकडे येतो. आपल्या भागात बोअरवेलच्या पाण्यात क्षार फार असतात आणि चालक वाटेत मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये भरतात. त्या क्षाराचा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या पोकळीत बसतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही, म्हणून रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसत असूनही आतून निम्मा बंद असू शकतो. मोकळ्या गाडीला तेवढे पुरते. भरलेल्या गाडीला, उन्हाळ्यात, घाटात पुरत नाही. त्यात अनेक ठिकाणी ‘आपल्याकडे उष्णता जास्त’ असे म्हणून थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकतात. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरते आणि चढावर तापमान उलट वाढते. रेडिएटरचे झाकणही पाहा. ते ठरावीक दाब धरून ठेवते, सुमारे ०.९ बार दाबावर पाण्याचा उकळबिंदू साधारण १८ ते २० अंशांनी वर जातो. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की ही सगळी सवलत जाते. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण काढून ठेवलेले नाही ना, आणि पंखा व्हिस्कस कपलिंगचा असेल तर गरम झाल्यावर तो पकड घेतो ना, हेही तपासावे.

कॉमन रेल इंजिनाचा विचार सोडून द्यावा. ते बसवायचे म्हणजे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), सेन्सर, पूर्ण वायरिंग, हजार बारच्या वर दाब देणारा पंप आणि त्याला लागणारे सूक्ष्म फिल्टर हे सर्व आले. यांतले एक सेन्सर बिघडले तर केज ते मांजरसुंबा रस्त्यावर ते दुरुस्त करणारा माणूस मिळणार नाही. आज तुमचा मेकॅनिकल पंप निदान कोणत्याही तालुक्याच्या गावी उघडता येतो. शिवाय तुमच्या गाडीचे ब्रेक आणि क्लच जुन्या ताकदीला धरून दिलेले आहेत.

मोसंबीवाहतूक (जालना) यांचे उत्तर

लातूरच्या मिस्त्रींच्या तपासणीच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण त्याच मॉडेलचे जुने इंजिन बसवणे सरसकट वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. माझ्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले होते; अशा वेळी फुल काम करायला ब्लॉकच शिल्लक नसतो आणि मोसंबीचा हंगाम तोंडावर असताना लेथवाल्याकडे रांगेत थांबणेही परवडत नाही. मी त्याच मॉडेलचे इंजिन घेतले आणि ते आजही चांगले चालते आहे.

मात्र ते निवडताना मी घाई केली नाही. जमिनीवर पडलेले इंजिन मी घेतले नाही, गाडीत असतानाच गार अवस्थेत चालू करून पाहिले, कारण गरम करून ठेवलेले इंजिन कोणतेही चटकन चालू होते. ऑइल पॅन खाली घेऊन बेअरिंग पाहिल्या, टर्बोच्या शाफ्टचा खेळ हाताने पाहिला आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर मोजले. बसवण्यापूर्वी वॉटर पंप, मागचे ऑइल सील, क्लच प्लेट आणि टायमिंगचे भाग नवे टाकले; गिअरबॉक्स खाली असताना हे काम स्वस्तात होते, नंतर त्याच मजुरीसाठी दुप्पट खर्च येतो. हे सर्व धरले तर साठ हजारांचे इंजिन साठ हजारांत बसत नाही, ही गोष्ट केजच्या भावांनी हिशेबात धरावी. ‘दोन दिवसांत गाडी रस्त्यावर’ हे आश्वासन यांतले काहीही न बदलता दिलेले असणार.

कागदपत्रे (परभणी) यांचे उत्तर

यांत्रिक बाजू वरील दोघांनी सांगितली आहे, मी फक्त कायद्याची सांगतो, कारण अनेक गाडीमालक ती शेवटी पाहतात आणि पासिंगच्या दिवशी अडकतात. आपली गाडी आठ वर्षांपुढची वाहतूक गाडी आहे, त्यामुळे तिचे योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते आणि त्या तपासणीत इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक आरसीशी जुळवले जातात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे अधिक स्पष्ट केले आहे. म्हणजे वेगळ्या प्रकारचे कॉमन रेल इंजिन हा विषय कागदावरही जवळजवळ बंदच समजावा. त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयात अर्ज करावा, मान्यता घ्यावी, बदलानंतर गाडी तपासून घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीत चढवून घ्यावा. मान्यतेविना बदल झाला असेल, तर तो १४ दिवसांत कळवण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्या सवलतीवर विसंबून काम सुरू करू नये.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आरसीवर फायनान्स कंपनीची नोंद असेपर्यंत असा बदल करायला तिची लेखी संमती लागते. कर्ज फिटलेच आहे, तर कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घेऊन ती नोंद आधी काढून घ्या. इंजिन बदलले किंवा नाही बदलले, तरी हे काम करायचेच आहे.

इंजिन विकत घेताना ते ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रत, ती गाडी मोडीत काढून नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या. क्रमांकाच्या जागी घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण दिसली, तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघून या. चोरीच्या गाडीचे इंजिन तुमच्या गाडीत सापडणे हा पोलीस चौकशीचा विषय होतो. नवा क्रमांक विमा कंपनीलाही कळवावा लागतो, नाहीतर अपघाताच्या वेळी दाव्यात अडचण येऊ शकते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो. स्वतःच्याच ब्लॉकला बोअर किंवा लायनर करून, पिस्टन, क्रँक, हेड असे सारे काम केले तरी क्रमांक तोच राहतो आणि वरच्यांपैकी एकही कागद लागत नाही. बाहेरून ‘हाफ इंजिन’ (पिस्टन-क्रँकसह तयार ब्लॉक) आणले, तर मात्र क्रमांक बदलतो. पंच्याऐंशी हजार आणि साठ हजार यांतला फरक मोजताना हा भागही त्यात धरावा.

मांजराकाठ (केज, जि. बीड) यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे अंबाजोगाईला तपासणी करून घेतली. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. कॉम्प्रेशन पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला चांगले आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्याला दोन्हींकडे सारखेच बरेच कमी आहे. ऑइलच्या झाकणातून येणारी वाफ मामुली आहे, दुधाळ थर नाही, आणि गरम असताना ऑइल प्रेशर बरोबर आहे. थर्मोस्टॅट जागेवर नाही, तो गाडी माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी काढलेला असावा. रेडिएटरच्या वरच्या टाकीत पांढरे खडे निघाले. आता हेड उघडावे, असे ठरते आहे. त्यात काय काय करून घ्यावे?

डिझेलमिस्त्री (लातूर) यांचे उत्तर

दादा, हे वाचून समाधान वाटले. या आकड्यांवरून दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधले गॅस्केट गेले आहे, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. तुमच्या इंजिनाचा खालचा भाग जिवंत आहे आणि तो टाकून देणे अन्यायाचे होईल.

हेड खाली आल्यावर फक्त गॅस्केट बदलून ते परत बसवू देऊ नका. हेड दाबाखाली पाण्यात बुडवून तडा तपासून घ्या, विशेषतः दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा. सरळ पट्टी लावून हेड आणि ब्लॉक दोन्हींचा वाक मोजा. हेडचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे लागले, तर त्यानंतर व्हॉल्व्ह पृष्ठभागापासून किती आत बसतात ते मोजलेच पाहिजे. नवे गॅस्केट घेताना जाडीची खूण पाहा, कारण अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यानुसार वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात आणि ती ओळखण्यासाठी कडेला खाचा किंवा भोके असतात. व्हॉल्व्ह सील नवे टाका, तुमचे थोडे कमी होणारे ऑइल बहुधा तिथूनच जाते. हेड बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा, अंदाजाने नव्हे. हेड उघडे असताना सिलिंडरच्या बोअरचे मापही घ्या. ते मर्यादेबाहेर निघाले, तरच स्वतःच्या ब्लॉकचे फुल काम करण्याचा विचार करा. बाहेरचे इंजिन आणण्याची वेळ तरीही येत नाही.

आणि हेड बसवण्यापूर्वी रेडिएटरची कोर नवी टाका, ब्लॉकमधली पाण्याची पोकळी धुऊन घ्या, योग्य तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट आणि नवे झाकण बसवा, आणि क्षाररहित पाण्यात मिसळलेला कूलंट भरा. त्याच मिश्रणाचा पाच लीटरचा कॅन गाडीत कायम ठेवा आणि बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये जाऊ नये, हे चालकाला बजावून सांगा. पहिले काही दिवस अर्धाच माल भरून मांजरसुंबा घाट चढून पाहा, काटा मध्यावर राहिला की मग पूर्ण भरा. आणि फायनान्स कंपनीच्या नोंदीचे जे काम परभणीच्या साहेबांनी सांगितले आहे, ते याच आठवड्यात उरकून घ्या.