व्हीआर हेडसेटवर जत्रेतल्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग होईल का?

डिचोलीचो_पोर:
नमस्कार मंडळी. आमचं डिचोली तालुक्यात मंडळ आहे, तीसेक पोरं, जत्रेत गर्दी आवरायला आणि कोण चक्कर येऊन पडला तर उचलून बाजूला न्यायला उभी असतात. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, तेव्हापासून झोप नीट लागत नाही, कारण आमच्यावर तशी वेळ आली तर आधी कुणाकडे धावायचं हे आमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. जो जास्त ओरडेल त्याच्याकडेच सगळे जाणार. फर्स्ट एडचं एका दिवसाचं शिबिर झालंय पण ते हॉलमध्ये पंख्याखाली बसून, आणि जत्रा म्हणजे रात्र, आवाज, अंधार. आता मंडळातल्या एकाचा भाऊ दोन क्वेस्ट ३ हेडसेट देतो म्हणतोय, म्हणजे डोळ्यांवर चढवले की आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं दाखवणारे व्हीआर चष्मे. याचा खरंच उपयोग आहे की पोरं दोन दिवस गेम खेळून ठेवून देतील?

फोंडा_रात्रपाळी:
मी ॲम्ब्युलन्सवर काम करतो. भाऊ, आधी कुणाकडे धावायचं हे जे तू विचारतोयस त्यालाच ट्रायाज म्हणतात आणि व्हीआर सगळ्यात जास्त उपयोगी तिथंच आहे. स्टार्ट नावाची पद्धत आहे, १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झाली. प्रत्येक जखमीला रंगाची पट्टी लावायची: लाल म्हणजे आधी हा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे आता वाचवता येणार नाही. आधी मोठ्यानं सांगायचं की ज्यांना चालता येतं त्यांनी इकडे या, ते हिरवे. मग उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे जेमतेम अर्धा मिनिट. श्वास नाही तर हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करायचा, तरी नाही आला तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा साधं "माझा हात दाब" एवढंही कळत नाही, तर लाल. बाकीचे पिवळे. कागदावर पाच मिनिटांत पाठ होतं. पण काळी पट्टी लावून उठून पुढच्याकडे जाणं, ते पाठ करून येत नाही रे. शिकाऊ पोरं तिथंच बसून छाती दाबायला लागतात आणि तेवढ्यात चार हात पलीकडचा, जो वाचला असता, तो गप पडून जातो. गर्दीत बहुतेक माणसं तुडवून नाही, छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्यानं जातात, म्हणून गप्प पडलेल्याकडे आधी बघायचं. हे हेडसेटमध्ये वीस वेळा चुकवून घ्या, तिथं चुकलं तर कोणाचा जीव जात नाही.

बंबवाला_पेडणे:
वरच्या दादांशी सहमत पण एक सांगतो, हातांचं काम हेडसेटमध्ये शिकता येत नाही. सीपीआरला, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबताना, छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि ती हवेत हात हलवून कशी कळणार, दोन मिनिटांत दंड भरून येतात ते डमीवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच कळतं. आगीचंही तसंच. ऑस्ट्रेलियात फ्लेम ट्रेनर म्हणून सिस्टिम आहे, तिच्यात खऱ्यासारखा होज, म्हणजे पाण्याचा पाइप, हाताला मागे रेटतो आणि अंगातलं जॅकेट गरम होतं, म्हणजे त्यांनाही नुसतं दाखवून पुरलं नाही. तुम्हाला ते नको, पण डमीशिवाय सुरू करू नका.

पर्वरी_कोडवाली:
मी व्हीआरचंच काम करते. विकतच्या ॲप्समध्ये अमेरिकेतला हायवे आणि तिकडच्या गाड्या असतात, तुमच्या पोरांना त्याचा काय उपयोग? एक ३६० डिग्री कॅमेरा, चारी बाजू एकदम टिपणारा, भाड्यानं घ्या आणि रिकाम्या जागेत आपल्याच लोकांना जखमी म्हणून झोपवून शूट करा, तोच उतार, तीच अरुंद पायवाट, ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येते ती जागा. आवाज खऱ्या जत्रेचा घाला. कॅमेरा एकाच जागी ठेवा, हलता ठेवला की डोळ्यांना चाल दिसते आणि कानातला तोल म्हणतो आपण उभे आहोत, मग मळमळतं. व्हिडिओतल्या माणसाची नाडी काही लागणार नाही, ती आणि श्वासाचा आकडा पट्टीवर लिहून दाखवा. क्वेस्ट ३ मधून आजूबाजूची खोलीही दिसते, म्हणजे समोरच्या खऱ्या डमीवर नाडी आणि श्वासाचे आकडे तरंगते दाखवता येतात, हे एआर झालं, म्हणजे खऱ्या दृश्यावर चढवलेलं चित्र, आणि बंबवाल्या काकांची अडचण थोडी सुटते. एकेकाला दहा मिनिटंच द्या, बाकीच्यांनी टीव्हीवर बघायचं, आणि कोण चुकला त्याच्यावर हसायचं नाही हे आधीच सांगा. पावसात हेडसेट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशी.

डिचोलीचो_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या पट्टीचं वाचून हात थरथरले, खरंच, मी तिथंच बसलो असतो. रविवारी मंडळात हे वाचून दाखवतो, आधी कागदी पट्ट्या आणि मैदान, मग शूटिंग. साखळी किंवा डिचोलीत कोणाकडे सीपीआरची डमी महिनाभर मिळेल का? आमच्या गाडीनं नेतो, पुसून परत आणून देतो.