प्रतिसाद: हळदीची पूड आणि हळदीची कॅप्सूल

‘हळद रोजच्या जेवणातून मुलांच्या पोटात जातेच, मग तिच्या गोळीने काय बिघडणार,’ हा मुलांना हळदीच्या कॅप्सूल देण्याबद्दलच्या चर्चेत मांडलेला मुद्दा मला पटत नाही, कारण इथे प्रश्न मात्रेचा आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य घटक) साधारण ३ टक्के असते, तर ‘९५ टक्के अर्क’ असलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते सुमारे ४७५ मिलिग्रॅम भरते. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनचे रोजचे स्वीकार्य प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवलेले आहे. म्हणजे १५ किलोच्या मुलासाठी ४५ मिलिग्रॅम. ही मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा होते असे नाही, पण दहापट मात्रा रोज देताना ‘नैसर्गिक आहे’ एवढे कारण पुरेसे नाही.

चर्चेत न आलेली दुसरी बाब मला अधिक काळजीची वाटते. कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही, म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरीन मिसळलेले असते, आणि ते काही औषधांचे शरीरातील विघटनही मंदावते. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या मुलाच्या रक्तात त्यामुळे औषधाची पातळी वाढू शकते. प्रौढांमध्ये अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि परिणामकारकतेचे बहुतेक अभ्यासही प्रौढांवरचेच आहेत. तेव्हा लेबलावर पायपरीन आहे का ते पाहावे आणि मुलाच्या चालू औषधांच्या यादीसह ती बाटलीच बालरोगतज्ज्ञांना दाखवावी.