पाइप कुणाचा, भिंत कुणाची? शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणांचे अनुभव

मागच्या वर्षी वरच्या काकूंशी आमचं बोलणं बंद झालं ते पाइपाच्या एका बेंडवरून, म्हणजे वळणाच्या जोडावरून, म्हणून म्हटलं हा धागा काढूच. पाणी, ड्रेनेज, लाइट, गॅस, केबल, कशाचीही लाइन असो, शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल आणि त्यावरून वाजलं असेल तर सगळं लिहा. काय केलंत आणि पैसे कुणी भरले तेही लिहा.

आधी माझं सांगते. मुलुंडला जुनी सोसायटी आहे, बाथरूमला सन्क स्लॅब (पाइप आतच लपवता यावेत म्हणून खाली घेतलेली लादी) नाही, त्यामुळे वरच्यांच्या नहाणीचा पाइप आमच्या बाथरूमच्या छताला लटकतो. तो ठिबकायला लागला. काकू म्हणाल्या पाइप तुमच्या घरात आहे म्हणजे तुमचा, मी म्हटलं पाणी तुमचं आहे ना, आणि सोसायटीने सरळ हात वर केले. दोन महिने मी बाथरूममध्ये बादली लावून आंघोळ केलीय आणि सासूबाईंना तिथे जायची भीती वाटायची, घसरल्या तर काय. शेवटी प्लंबरने वरच्या नहाणीत कपड्यांची नीळ कालवून ओतली, आणि अर्ध्या तासाने आमच्या बादलीत निळा थेंब पडला. काकू स्वतः खाली येऊन बघून गेल्या. सोसायटीचे उपविधी (नियम) वाचले तर बाहेरच्या सामाईक पाइपाची, ड्रेनेज लाइनची आणि पावसाची गळती सोसायटीकडे, घरातल्या संडास-सिंकची ज्याची त्याने. हे आधी वाचलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

वरळी कोळीवाडा

आमचं पाण्याचं कनेक्शन आजोबांच्या वेळचं, अर्ध्या इंची पाइप शेजारच्या काकांच्या ओट्याखालून यायचा. त्यांनी घर वाढवायला काढलं आणि एक दिवस सकाळी पाण्याच्या वेळेला नळ कोरडा. बाहेर जाऊन बघतो तर पाइप कापून त्याच्या तोंडाला फडका बांधलेला. आईला रडूच आलं, कारण त्याच काकांच्या मुलीच्या लग्नात ती चार दिवस भाकऱ्या थापत होती.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले 1882चा सुखाधिकार कायदा आहे, दुसऱ्याच्या जागेतून उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्काने 20 वर्षं वापर झाला असेल तर तो वापर हक्क होतो. आम्ही खूश. मग आजोबांच्या ट्रंकेतून एक कागद निघाला, "आपल्या परवानगीने पाइप टाकत आहे" असं त्यांनीच लिहून दिलेलं. वकील म्हणाले परवानगीचा वापर कितीही वर्षं चालला तरी त्याचा हक्क होत नाही. आजोबांनी चांगुलपणाने लिहिलं होतं हो, त्यांना काय माहीत. कोर्टात गेलोच नाही. पाइप आमच्याच खर्चाने भिंतीकडेने वळवून घेतला, काकांनी निदान खोदायला आडकाठी केली नाही. आई अजून त्यांच्याकडे जात नाही.

लालबाग, पागडीची खोली

थोडक्यात लिहितो. मालक खाली तळमजल्यावरच राहतात. विजेच्या नवीन मीटरसाठी त्यांची एनओसी (ना हरकत पत्र) मागितली तर वर्षभर आज देतो उद्या देतो. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वीज ही मूलभूत गरज आहे, घरमालक एनओसी देत नाही एवढ्या कारणावरून ती नाकारता येत नाही. तो निकाल अर्जाला जोडला आणि मीटर आलं. भाडेकरूंनी हे नक्की लक्षात ठेवा. आणि मालकाने चालू असलेलं पाणी किंवा लाइट तोडलं तर त्याला मनाई करणारं भाडे नियंत्रण कायदा 1999चं कलम 29 आहे.

गोरेगाव, तळमजला

मी दुसऱ्या बाजूची. सगळे लिहितायत की शेजारी अडवतो, पण तळमजल्यावर राहून बघा. वरच्या चार मजल्यांच्या इंटरनेटच्या वायरी माझ्या खिडकीच्या छज्जावरून, हाऊसगल्लीतलं (इमारतीमागच्या अरुंद बोळातलं) डाउनटेक, म्हणजे वरच्या मजल्यांचा सांडपाण्याचा उभा पाइप, तुंबलं की मैला माझ्या मोरीतून वर येणार, आणि चेंबर उघडायला माणूस आला की बेल माझीच वाजणार. गॅसची लाइन आली तेव्हा माझ्या बेडरूमच्या भिंतीवर भोक पाडायला माणूस ड्रिल घेऊन शिडीवर चढलेला, तेव्हा मला कळलं. मी काम थांबवलं. मीटिंगमध्ये मला नको नको ते बोलले, आडमुठी काय न काय काय. बाहेरची भिंत सोसायटीची आहे हे मलाही माहितीये, मला नाही म्हणायचंच नव्हतं, आदल्या दिवशी एकाने येऊन विचारलं असतं तर मी चहा दिला असता. मग सेक्रेटरी घरी आले, पाइप खिडकीपासून फूटभर सरकवला, त्याच दिवशी काम झालं.

मुलुंड (मीच परत)

गोरेगावच्या ताई, तुमचं वाचून गप्पच बसले. मी काकूंना पहिल्याच दिवशी नोटीस पाठवली होती, वर जाऊन बोललेच नव्हते. खर्च त्यांनी पूर्ण दिला. नवीन टाइल्स बसवायच्या आधी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं, उघडा पाइप आणि नवा जोड दाखवला, "फोटो काढून ठेव, पुढे तुझ्या मुलांना लागेल" म्हणाल्या. काढून ठेवलाय.