नुसत्या तांदळानं भागत नाही

एकांनी लिहिलंय की रेशनचा तांदूळ वाढवला की गरिबांचा कुपोषणाचा प्रश्न सुटतो, पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याकडं बघून मला तसं वाटत नाही. तांदळानं पोट भरतं, पण बाईचं रक्त वाढायला डाळ, अंडी, पालेभाजी लागते आणि महिनाअखेरीला घरात नेमकं तेच संपतं.

कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजना आहे, गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. योजना मला मनापासून आवडते, कारण घरी शिधा दिला की तो सगळ्यांच्यात वाटला जातो आणि तिच्या वाट्याला शेवटी उरलंसुरलं येतं. पण भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांत पावसाळ्यात ओढे भरले की रस्ताच बंद, पेशंटला लाकडाला बांधून खांद्यावर आणावं लागतं, तिथं आठवा महिना लागलेल्या बाईनं वाडीवरनं रोज चालत जेवायला यायचं कसं? आणि जी भात लावणीला रोजानं जाते तिचा तर दुपारचा पगारच बुडतो. अशा ठिकाणी पावसाळ्यातले चार महिने तरी डबा वाडीपर्यंत पोचवायलाच पाहिजे, आशाताईंना त्याचे वेगळे पैसे देऊन, फुकट राबवून नव्हे.

अजून एक, लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका म्हणून सांगा हो घरोघरी, चहानं लोह अंगाला नीट लागत नाही. त्यापेक्षा गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची.