बीटा-टीसीपीच्या सच्छिद्र ठोकळ्यांना तडे का जातात?

प्रश्न: डीएलपी प्रिंटरवर (प्रकाशाने रेझिन थराथराने घट्ट करणारा थ्रीडी प्रिंटर) बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे (बीटा-टीसीपी, हाडांच्या रोपणात वापरतात ते सिरॅमिक) १० मिमी ठोकळे काढतोय, छिद्रं ५०० मायक्रॉन. १२०० अंश सेल्सियसला २ तास भाजल्यावर तडे. काय चुकतंय?

भट्टीकर: तापमान. साधारण ११२५ अंशांपुढे बीटा हे स्फटिकरूप बदलून अल्फा होतं, आकारमान वाढतं, तडकतं. १०५०–११०० वर थांबा. १२५० हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटला (दुसरं कॅल्शियम फॉस्फेट सिरॅमिक) चालतं; ती कृती इथे उचलू नका.

थरमोजणी: तडे थरांना समांतर असतील तर मात्र पूड बांधून ठेवणारं रेझिन घाईत जाळलंय. २०० ते ५०० अंश मिनिटाला अर्ध्या अंशाने चढवा. एक ठोकळा ६०० ला बाहेर काढून भिंगाखाली बघाच.

भट्टीकर: हो, ते आधी. आणि आकुंचन रेषीय २०% धरलं तर छिद्र ६२५ मायक्रॉनचं छापा. आत अडकलेली स्लरी (रेझिन आणि पुडीचं ओलं मिश्रण) धुतली नाही तर तेही बुजतं.