अनुभव धागा: मृत समुद्र – काठावर, पाण्यात आणि आसपास

पाण्यावर उताणं पडून पेपर वाचतानाचा फोटो सगळ्यांकडे असतो, तो सोडून लिहा. पाणी अंगाला कसं लागलं, पायाखाली काय होतं, काठ कसा दिसला? आमचा गट जॉर्डन आणि इस्राएल दोन्हीकडून जाणार आहे, त्यात सत्तरीपुढचे काका-काकूही आहेत. दुसरं एखादं खारं सरोवर जवळून पाहिलेल्यांनीही भर घाला.

रानवाटा:
मी जॉर्डनकडून गेलो. अम्मान सोडल्यावर घाट उतरताना कानांना दडे बसतात. वाटेत समुद्रसपाटीची पाटी लागते, आणि तिच्यानंतरही रस्ता उतरतच राहतो. पाण्याचा काठ तिथून आणखी 430 मीटरहून जास्त खाली आहे! पलीकडचे डोंगर धुरकट दिसतात, भर दुपारीसुद्धा.

गुडघाभर पाण्यात काही वेगळं जाणवत नाही. कमरेच्या वर गेलं की पाय आपोआप उचलले जातात, उभं राहायला जोर लावावा लागतो. लिटरभर पाण्याचं वजनच जवळजवळ सव्वा किलो. काका-काकूंना बजावून सांगा: पाठीवरच राहायचं. माणूस पालथा झाला की पाय वर, तोंड पाण्यात आणि उलटं फिरता येत नाही. बुडत नाही म्हणतात त्या पाण्यात माणसं दगावतात ती अशी. उभं राहायचं असेल तर आधी गुडघे पोटाशी घ्यायचे, मग पाय खाली सोडायचे.

बोट जिभेला लावून पाहिलं. खारट म्हणावं तर तसं नाही, चक्क कडू. बाहेर आल्यावर अंगावर ओशट थर राहतो, नुसत्या टॉवेलने जात नाही.

खडकफोड्या:
कडू लागणारच. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत आपलं खायचं मीठ सर्वाधिक. इथे मॅग्नेशियम क्लोराइडचा वाटा सर्वांत मोठा. ओशटपणाही त्याचाच. समुद्रात क्षार साधारण 3.5 टक्के, इथे 34 च्या घरात. पाणी यायला वाटा आहेत, बाहेर पडायला उन्हाशिवाय एकही नाही. त्यात जॉर्डन नदीचं बहुतेक पाणी वरच अडवून वळवलेलं, त्यामुळे पातळी दरवर्षी मीटरभर उतरते. उत्तरेकडच्या काठावर उभे राहिलात तर मातीत एकाखाली एक पायऱ्या दिसतील. त्या पाण्यानेच मागे सरताना कोरलेल्या आहेत. मला अख्ख्या सहलीत तेवढंच पाहत बसावंसं वाटलं, बायको वैतागली.

दिमोनाची मावशी:
आमचं मूळ अलिबागकडचं, बेने इस्राएली म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लहानपणापासून इस्राएलमधल्या दिमोनात, म्हणजे डोंगर उतरला की मृत समुद्र. तुमच्यापैकी बरेच जण दक्षिणेकडच्या इस्राएली काठावर, एन बोकेकच्या हॉटेलांत उतराल, तर एक सांगते. ते मूळ सरोवर नाहीच, ती मिठागरं! दक्षिणेचा उथळ भाग केव्हाच आटला. आता उत्तरेतून पंपाने पाणी आणून तिथे पोटॅशसाठी (खतात लागणारा क्षार) सुकवतात. तळाशी वर्षाला वीसेक सेंटिमीटर मीठ साचतं, म्हणून पाणी वर वर चढत हॉटेलांच्या पायाशी आलं. थोडं उत्तरेला जा, तर तेच पाणी लोकांपासून लांब पळतंय. माझ्या आईला हे कधी पटलंच नाही. म्हणायची, एकाच पाण्याची दोन तोंडं कशी?

तिथे तळाला मिठाचे गोल गोल मणी असतात, तळव्यांना टोचतात. रबरी चपला घालूनच उतरा.

उत्तरेकडे, मूळ सरोवराच्या इस्राएली काठावरच्या एन गेदीला मात्र दिसेल त्या वाटेने काठाकडे जाऊ नका. पाणी मागे हटलं, तसं जमिनीखालचं गोडं पाणी पुढे सरकलं आणि खाली गाडलेला मिठाचा थर विरघळवू लागलं. आत पोकळी होते आणि एक दिवस वरची जमीन धसकन खाली जाते. आम्ही पोरं जिथे पोहायचो तो किनारा बंद आहे, खजुराच्या बागाही सोडाव्या लागल्या. कुंपण आणि पाटी दिसली की तिथूनच मागे फिरा.

हिवाळ्यात कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो, पाऊस लांब डोंगरात आणि लोंढा इथे. गढूळ गोडं पाणी त्या जड पाण्यावर तरंगत पसरतं, मध्ये सरळ रेघ दिसते. 1992 मध्ये तर पाऊस इतका झाला होता, की वरचं पाणी लालसर झालं.

मेहकरी:
मावशी, तुमचं लाल पाणी वाचून आमचं लोणार आठवलं. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, आम्ही वरच्या कडेवरून पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. ते तळाशी बसले की पाणी नितळ. गंमत अशी, की तुमच्याकडे गोडं पाणी मिसळल्यावर रंग आला, आमच्याकडे पाणी आटून खारेपणा वाढल्यावर! बाकी लोणारचं पाणी सोड्याचं, सामू (pH) दहाच्या आसपास. त्यात माणूस आपोआप तरंगत नाही.

चहाबाज:
काकूंना बांगड्या, पाटल्या घालून उतरू द्यायचं का?

दिमोनाची मावशी:
चांदी तर मुळीच नको, काळी पडते. सोनंही काढूनच ठेवा. आणि एकाला काठावर गोड्या पाण्याची बाटली घेऊन बसवा. डोळ्यात थेंब गेला तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं.